एक्केचाळीस नंबर

त्यांना क्रिकेट अजिबात कळत नव्हतं. क्रिकेटपटूंच्या जुन्या कार्डांबद्दल त्यांच्याइतकी माहिती आमच्या उपनगरांत दुसऱ्या कुणाला असेल असं मला वाटत नाही. पण एका वेळी किती फलंदाज मैदानात असतात असं त्यांना विचारलं असतं, तर ते अडखळले असते. खेळाडूंची नावं त्यांच्या तोंडी येत नसत. ते आकड्यांनी बोलत. "हा सतरा. मिशीवाला. पहिल्या छपाईत ह्याचा शर्ट पिवळा आला होता, मग मशीन थांबवली." किंवा, "नऊ नंबर फार निघायचा. पोरं वैतागायची नऊला." सतरा नंबर म्हणजे कोण, त्याच्यासाठी आमच्या बिल्डिंगमधल्या बायका गॅस बारीक करून टीव्हीपुढे येऊन बसायच्या, हे मी त्यांना एकदा सांगितलं. "असं होय," म्हणाले, आणि सतरा नंबरकडे जरा आदराने बघून त्यांनी तो परत पाकिटात सरकवला.

आता ते नाशिकला मुलीकडे असतात. कधीतरी फोन येतो, तोही दोन मिनिटांचा. पण मला ते दिसतात ते मुलुंडच्या त्या हॉलमध्येच, शेवटच्या खुर्चीवर, मांडीवर कापडी पिशवी घेऊन, डोळे मिटून बसलेले.

मुलुंडला वर्षातून दोनदा संग्राहकांचं प्रदर्शन भरतं. लग्नाचे मुहूर्त नसतात तेव्हा एका मंगल कार्यालयाचा वरचा हॉल मिळतो, तिथे टेबलं मांडतात. नाणी, पोस्टाची तिकिटं, काडेपेट्यांवरची चित्रं, जुनी टेलिफोन कार्डं. छताला कुठल्यातरी लग्नाच्या झिरमिळ्या तशाच राहिलेल्या असतात आणि पंख्याच्या वाऱ्याने दिवसभर हलतात. दुपारी दोनच्या सुमाराला गर्दी ओसरते. मग टेबलामागची माणसं जरा पेंगायला लागतात, भिंगाखाली ठेवलेलं नाणं तसंच राहतं, आणि बाहेर रस्त्यावर एवढे हॉर्न वाजत असूनही हॉलमध्ये पाण्याखाली असल्यासारखं वाटतं. मला ती वेळ आवडायची. मी नाहूरला राहते, विमा कंपनीच्या ऑफिसात काम करते, आणि त्या वेळी बेचाळीस वर्षांची होते. खोक्यात चाळीस कार्डं घेऊन अशा हॉलमध्ये फिरणारी बाई म्हणून टेबलवाले मला ओळखायला लागले होते.

त्या कार्डांचं असं होतं. आम्ही लहान असताना एका च्युइंगमच्या पाकिटात क्रिकेटपटूचं एक कार्ड निघायचं. मागे नंबर. एक ते एक्केचाळीस असे सगळे जमवले की कंपनी बॅट देणार होती, खरी बॅट, लेदरच्या बॉलने खेळायची. च्युइंगमचा कारखाना भांडुपच्या बाजूला होता. दुपारी वारा तिकडून आला की आमच्या मुलुंडच्या गच्चीवर गोड वास यायचा, गुलाबी रंगाला वास असता तर तो तसाच असता. आम्ही गच्चीवर सावलीत कार्डं पसरून बसायचो आणि तो वास यायला लागला की कुणीतरी म्हणायचं, आज एक्केचाळीस नंबर बनतोय. माझी चाळीस झाली. बिल्डिंगमधल्या आणखी दोघांची चाळीस झाली. एक्केचाळीस कुणालाच निघाला नाही. मग कारखाना बंद झाला, वास यायचा थांबला, आम्ही मोठे झालो. पण ते खोकं मी लग्नानंतरही बरोबर आणलं, आणि चाळिशीत कधीतरी वाटायला लागलं की बघू या, आता तरी मिळतं का.

त्या दिवशी एका टेबलावर मी नेहमीचा प्रश्न विचारला. टेबलवाला हसला. "एक्केचाळीस ना? ते काय तिकडे बसलेत."

"कार्ड विचारतेय मी."

"तेच म्हणतोय. त्यांचं नावच पडलंय ते. जाऊन तर बघा."

मी गेले. सत्तरीचा उंच, किडकिडीत माणूस. कडक इस्त्रीचा, दोन खिशांचा बुशशर्ट. मी समोर उभी राहिले तसे त्यांनी डोळे उघडले, माझ्या हातातल्या खोक्याकडे पाहिलं, आणि एक अक्षर न बोलता उठून गेले. मला वाटलं, रागावले की काय. पाच मिनिटांनी परत आले ते ओले हात रुमालाला पुसत. खिशातल्या छोट्या डबीत ते साबणाचा तुकडा बाळगत. कुणाचंही कार्ड हातात घ्यायच्या आधी हात धुवायचे, आणि परत दिल्यावर पुन्हा धुवायचे.

"दाखवा," म्हणाले.

मी खोकं उघडलं. त्यांनी पहिलं कार्ड उचललं आणि नाकाशी नेलं. दुसरं. तिसरं. चाळीसच्या चाळीस कार्डं त्यांनी एकेक करून हुंगली. तेविसाव्याला थांबले. "हे आमचं नाही. हे नंतर कुणीतरी छापलंय."

मला धक्का बसला, कारण ते एकच कार्ड मी मोठेपणी विकत घेतलं होतं. लहानपणीचं तेवीस फाटलं होतं. मी तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली. "फाटलेलं असतं तर चाललं असतं."

"तुमच्याकडे एक्केचाळीस आहे असं म्हणतात."

"विकणार का तुम्ही?"

"नाही हो. मला फक्त पूर्ण करायचंय."

त्यांनी डोळे मिटून घेतले. "पुढच्या वेळी या."

पुढच्या वेळेला सहा महिने होते. मी सहा महिन्यांनी गेले. त्यांनी मला चहा पाजला, स्वतः बिनसाखरेचा घेतला, आणि गच्चीबद्दल विचारत बसले. किती मुलं होती, कुठल्या दुकानातून पाकिटं आणायचो, कोण फसवाफसवी करायचं. मी विषय काढला की म्हणायचे, "पुढच्या वेळी." त्यांची ही पुढची वेळ आमच्यात थट्टेचा विषय झाली. टेबलवाले म्हणायचे, मॅडम, त्यांच्याकडे काही नाही, म्हाताऱ्याला गप्पा मारायला माणूस पाहिजे. पण गोडाचा कणही न खाणारा, क्रिकेट न कळणारा हा माणूस कार्डाचा वास घेऊन खरंखोटं सांगतो, याचा काहीतरी अर्थ असणार असं मला वाटत राहिलं. तिसऱ्या प्रदर्शनात त्यांनी आपण होऊन पत्ता दिला. भांडुप, टेकडीच्या अंगाला, पाण्याच्या टाकीच्या वर.

रविवारी सकाळी गेले. चढाच्या बऱ्याच पायऱ्या. वरची खोली स्वच्छ, भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली दोन मुलींचे पदवीचे फोटो. पत्नी वारलेली. खिडकीतून खाली भांडुप पसरलेलं दिसत होतं आणि मधोमध काचेचा एक टॉवर उन्हात चमकत होता.

"तिथे होता कारखाना," ते म्हणाले. मग हात धुऊन आले, कपाटातून वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक गठ्ठा काढला, आणि माझ्यासमोर सोडला.

कार्डंच होती. दीडदोनशे असतील. दोऱ्याने बांधलेली, कोरी, कडा धारदार. मी वरचं उचललं. उन्हामुळे डोळे बारीक केलेला एक साधासा मुलगा, टोपी कपाळावर ओढलेली. मला ओळखू येईना. मागे नंबर, एक्केचाळीस. खालचं उचललं, तोच मुलगा. त्याच्या खालचं, तोच. तो सगळ्या गठ्ठ्यातून माझ्याकडे डोळे बारीक करून बघत होता.

"कोण आहे हा?"

"मला काय माहीत? साहेब म्हणाले होते, ह्याला कुणी ओळखत नाही. चांगल्या खेळाडूचा फोटो लपवला तर पोरं पाकिटं घेणार नाहीत. म्हणून हा निवडला."

मग त्यांनी सगळं सांगितलं. ते परभणीकडून आलेले, अठरा वर्षं त्या कारखान्यात. त्यांचं काम पिसण्याचं. छापखान्यातून कार्डं नंबरवार गठ्ठ्यांनी येत. ती पत्त्यांसारखी पिसून ट्रेमध्ये भरायची, पुढे बायका एकेक पाकिटात टाकायच्या. सुरुवातीलाच साहेबांनी एक्केचाळीसचा गठ्ठा आपल्या कपाटात ठेवला आणि सांगितलं, चाळीसच पिसायचे.

"आणि बॅट?"

"एक होती. ऑफिसात काचेच्या कपाटात. कारखाना बंद झाला तेव्हा ती पण कुणीतरी नेली."

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

"बोललो असतो तर दुसऱ्या दिवशी दुसरा पिसणारा आला असता. दोन पोरी होत्या घरी." थोडं थांबून म्हणाले, "मोठी तर माझ्याच मागे लागायची. पप्पा, तुम्ही तिथेच आहात ना, आणा की एक. मी म्हणायचो, नाही मिळत. कारखान्यात पण नाही मिळत."

कारखाना बंद होताना साहेबांचं कपाट रद्दीत निघालं, तेव्हा त्यांनी तो गठ्ठा उचलला. आणखीही एक गोष्ट उचलली. मुलांची पत्रं. कंपनीला पोत्याने पत्रं येत आणि न वाचता रद्दीत जात. त्यातली एक पिशवीभर ते घरी घेऊन आले आणि एक्केचाळीस नंबर मागणारी तेवढी वेगळी काढली. साठेक होती. निवृत्त झाल्यावर, मुली मार्गी लागल्यावर, त्यांनी त्या पत्त्यांवर जायला सुरुवात केली. पत्र दाखवायचं, माफी मागायची, कार्ड द्यायचं, पत्राच्या मागे तारीख टाकून ते पिशवीत ठेवायचं. बरेच पत्ते आता राहिलेच नव्हते. चाळींच्या जागी टॉवर आले होते, माणसं डोंबिवलीला नाहीतर अमेरिकेला गेली होती. तरी एकवीस जण सापडले होते. प्रदर्शनात ते बसत तेही याचसाठी, की माझ्यासारखं कुणीतरी खोकं घेऊन येईल.

"हे तुमचं," म्हणाले, आणि गठ्ठ्यातलं एक कार्ड माझ्यापुढे धरलं.

मी ते घेतलं नाही. मला काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. चाळिशी ओलांडलेली बाई, घर, नोकरी, सगळं असलेली. मला गच्ची दिसत होती. पाकीट फोडायच्या आधी आम्ही ते दोन्ही हातांत धरून डोळे मिटायचो. कितीतरी वेळा. आणि त्यातल्या एकाही वेळेला ते आत असण्याची शक्यताच नव्हती.

"तुम्हाला माहीत होतं," एवढंच मी म्हणाले.

"हो."

मी पायऱ्या उतरून आले. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, अगं, मुलांना फसवणाऱ्या कंपन्या कमी आहेत का, त्यात एवढं काय. त्याचं चूक नव्हतं. पण मी खोकं माळ्यावर टाकलं आणि पुढचे काही महिने त्यांचा फोन उचलला नाही. ते तरी दोनदाच फोन करून थांबले.

पुढच्या प्रदर्शनाला मी जाणार नव्हते. दुपारी दोन वाजता पाय तिकडे वळले. ते त्याच खुर्चीवर होते, आणि शेजारी एक रिकामी खुर्ची त्यांनी पिशवी ठेवून अडवली होती. मला बघून पिशवी उचलली. मी बसले. माफीबिफी काही मागितली नाही त्यांनी.

"ताई, बोरीवलीला एक पत्ता आहे," म्हणाले. "दोनदा गेलो. वॉचमन वर सोडत नाही. तुमच्यासारखं कुणी बरोबर असलं तर सोडेल."

वॉचमन कुणाला सोडतो आणि कुणाला नाही, हे ते तक्रारीच्या सुरात बोलले नाहीत. बसचा नंबर सांगावा तसं सांगितलं. मला मात्र ते ऐकून खाली बघावंसं वाटलं. मी जाते म्हणाले.

त्या पत्त्यावरच्या मुलीचा शोध घ्यायला मला दोन आठवडे लागले. जुनी चाळ पाडून तिथे सोसायटी झाली होती. सोसायटीच्या ऑफिसात माझ्या मैत्रिणीची नणंद काम करायची, तिने शोधून दिलं. मुलीचं लग्न झालेलं, आडनाव बदललेलं, पण ती त्याच इमारतीत राहत होती, माहेरच्या वाट्याला आलेल्या जागेत. पालिकेच्या शाळेत शिक्षिका. फोनवर मी एवढंच म्हणाले की तुमचं लहानपणचं एक पत्र एका गृहस्थांकडे आहे. ती म्हणाली, माझं? या की.

आम्ही बसने निघालो, पवईवरून आरे कॉलनीतून. त्यांचाच हट्ट. म्हणाले, ह्या रस्त्याने गेलं की मन जागेवर राहतं. बस रिकामी होती. आरेत शिरल्यावर दोन्ही बाजूंनी झाडं जवळ आली आणि ऊन हिरवं झालं. गोठ्यांचा ओला वास आत यायला लागला. कुठे म्हशी चिखलात शांत बसलेल्या, कुठे एका पाड्यापाशी दोरीवर वाळत घातलेल्या लाल साड्या. ड्रायव्हरही जसा काही झोपेत गाडी चालवत होता. त्यांनी पिशवीतून पत्र काढून माझ्या हातात दिलं.

वहीचं पान, निळी शाई, अक्षर कोरून काढल्यासारखं. "कंपनीच्या साहेबांना सप्रेम नमस्कार. माझ्याकडे चाळीस कार्डे जमली आहेत. एक्केचाळीस नंबर आमच्या इथे कुठल्याच दुकानात निघत नाही. आमच्या चाळीतले मुलगे त्यांची बॅट आम्हाला देत नाहीत. ते म्हणतात, मुली बॅट वाकडी करतात. आम्ही सात मुली आहोत. तुमच्या बॅटने आम्ही खेळू. तरी कृपा करून एक्केचाळीस नंबर पाठवावा. त्याच्या बदली मी बारा नंबर तीन पाठवते." खाली नाव, इयत्ता, पत्ता, आणि पालकांची सही. कंपनीचा तसा नियम होता.

"बारा नंबर पाठवले होते?"

"तीन. पत्रातच होते. अजून आहेत." ते खिडकीबाहेर बघत होते. "हे पत्र मी सगळ्यात जास्त वेळा वाचलं असेल, ताई. सात पोरी. मी विचार करायचो, त्या कशाने खेळल्या असतील."

बोरीवलीत वॉचमनने मला बघून वही पुढे केली. त्यांच्याकडे त्याने पाहिलंही नाही.

तिने दार उघडलं. पंचेचाळिशीची, गोल चेहऱ्याची, मोकळं हसणारी बाई. बसा म्हणाली, पाणी दिलं, चहा टाकला. तिचा नवरा कुठेतरी बाहेर गेला होता. ते बसले नाहीत. उभ्यानेच, पिशवी छातीशी धरून, त्यांनी आपलं वाक्य सुरू केलं. एकवीस घरांत म्हणून झालेलं ते वाक्य होतं. "मी त्या च्युइंगमच्या कारखान्यात पिसणारा होतो. तुमचा एक्केचाळीस नंबर मी पिसला नाही. आम्हाला तसं सांगितलेलं होतं, पण हात माझे होते."

ती गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. मी थोडक्यात सांगितलं. मग ती आठवायचा प्रयत्न करायला लागली, मनापासून, कपाळाला आठ्या घालून.

"कार्डं... हो, असायची काहीतरी. भाऊ जमवायचा की मी? काका, खरं सांगू, मला पत्र लिहिल्याचं आठवतच नाहीये."

"सात जणी होतात तुम्ही."

"सात? हां, असू. आम्ही कपडे धुवायच्या धोपटण्याने खेळायचो. ते आठवतंय. मजा यायची."

ते खाली बसले. मी त्यांच्याकडे पाहिलं. एवढी वर्षं त्यांच्या मनात एक मुलगी दुकानापाशी उभी होती. आणि ती मुलगी तिथून कधीच निघून गेली होती, हसत, धोपटणं घेऊन. त्यांनी कार्ड पुढे केलं. तिने ते घेतलं, त्या टोपीवाल्याकडे पाहिलं, थँक यू म्हणाली आणि टीपॉयवर ठेवलं. चहा झाला असता आणि आम्ही निघालो असतो.

"पत्र बघू तरी," ती म्हणाली.

त्यांनी पत्र दिलं. ती वाचता वाचता हसायला लागली. "बॅट वाकडी करतात म्हणे. हे आमच्या वरच्या मजल्यावरचा बंड्या म्हणायचा." मग ती खालपर्यंत पोचली आणि तिचं हसू थांबलं. ती नुसती बघत राहिली. गॅसवर चहा उतू जायला लागला म्हणून मीच उठून बंद केला.

"ही आईची सही आहे," ती म्हणाली.

मी परत येऊन तिच्या शेजारी बसले.

"आई चार घरी पोळ्या करायची. लिहिता येत नव्हतं तिला. शाळेत माझ्या प्रगतिपुस्तकावर अंगठा द्यायची, तर मला लाज वाटायची. म्हणून मी तिला सही शिकवली. ह्याच्या थोडंच आधी. पाटीवर." तिने पत्र आमच्याकडे वळवलं. पेन्सिलीने काढलेली, शिरोरेघ वाटेत खाली घसरलेली अक्षरं. 'शेवतां'. "शेवंता. अनुस्वार द्यायला विसरायची नेहमी, मग शेवटी आठवण आली की कुठेही द्यायची. बघा, भलत्याच अक्षरावर दिलाय." तिने त्या टिंबावर बोट ठेवलं. "पुढच्या वर्षी ती गेली. माझ्याकडे तिच्या हाताचं काहीच नाही. प्रगतिपुस्तकं सगळी चाळ पाडताना गेली."

खाली पार्किंगमध्ये कुणीतरी गाडी धूत होतं, त्याच्या पाण्याचा आवाज येत होता. मग तिने टीपॉयवरचं कार्ड उचललं आणि त्यांच्या हातात परत दिलं.

"काका, हे राहू दे तुमच्याकडे. हे पत्र मी ठेवून घेते. चालेल ना?"

मला माहीत होतं, ते पत्र देत नसत. त्या पिशवीतला एकही कागद त्यांनी कधी कुणाला दिला नव्हता. त्यांच्या ओठांवर आलंही होतं, मी देत नसतो म्हणून. तिचं बोट अजून त्या टिंबावरच होतं. त्यांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "तुमचंच आहे, बाई."

निघताना तिने त्यांना वाकून नमस्कार केला. ते इतके संकोचले की चपला उलट्या घातल्या.

गेटपाशी वॉचमनच्या बाकड्यावर ते बसले. वॉचमन उठवायला आला तर मी त्याच्याकडे असं बघितलं की तो परत गेला. त्यांनी पिशवीत हात घालून सगळी पत्रं बाहेर काढली, मागे तारखा टाकलेली ती एकवीस वेगळी केली, आणि मांडीवर ठेवून बसले.

"मी चुकीची वस्तू वाटत होतो, ताई."

"असं नाही काका."

"असंच आहे. एकवीस जणांच्या हातात तो फोटो दिला नि कागद परत पिशवीत घातला. मोठीला पहिला दिला होता, माझ्या पोरीला. ती म्हणाली, पप्पा आता काय करू मी ह्याचं? मला वाटलं, रागाने म्हणते." त्यांनी वरचं पत्र उलटसुलट करून पाहिलं. "ह्यांच्या आईबापांच्या सह्या माझ्या घरात पडल्यात. मी तीस वर्षं ते बघतोय नि मला दिसलं नाही."

येताना बसमध्ये ते झोपले. आरेतल्या वळणांवर त्यांचं डोकं खिडकीवर हळूच आपटत होतं, म्हणून मी मध्ये माझी ओढणी घडी करून ठेवली.

रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. "मुलुंडपासून सुरू करतोय. पहिल्यापासून. यायचं असेल तर दहाला या." आणि जरा थांबून, "चहा पिऊन येऊ नका. लोक पाजतात."

पहिलं घर एका जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर होतं. तिथे राहणाऱ्या माणसाने मागच्या वेळी कार्ड घेऊन दार लावून टाकलं होतं, एवढंच त्यांनी मला सांगितलं. ते कठड्याला धरून एकेक पायरी चढत होते, हातात पत्र, घाम लागू नये म्हणून रुमालात गुंडाळलेलं. दुसऱ्या मजल्यावर दम खायला थांबले. जिन्याच्या जाळीतून ऊन आत आलं होतं, त्यात धूळ हळूहळू तरंगत होती.

"एक विचारायचं राहिलं," म्हणाले. "तुम्ही इतक्या जवळ राहायचात. चाळीस झालेली. तुम्ही का नाही पत्र लिहिलंत कंपनीला?"

मी विचार केला. खरंच कधी मनात आलं नव्हतं.

"मला वाटायचं, पुढच्या पाकिटात असेल."

त्यांनी कठड्यावरचा हात काढला.

"साहेब हेच म्हणायचे," ते म्हणाले. "पोरांना वाटलं पाहिजे, पुढच्यात असेल. अगदी हेच शब्द."

मग ते वळले आणि उरलेले दोन मजले न थांबता चढले. दारापाशी उभं राहून त्यांनी श्वास खाली बसू दिला, रुमाल सोडून पत्र मोकळं केलं, सही असलेली बाजू वर केली, आणि बेल दाबली.